खालची दांडी

माझी मावशी ज्या वृद्धाश्रमात राहते, तिथलं न्हाणीघर नव्याने करायचं काम आमच्या डिझाइन ऑफिसकडे आलं आणि मी ते मागूनच घेतलं. लांबट खोली, पांढऱ्या फरशा, डाव्या भिंतीला धरायची एक दांडी, उंचावर एक खिडकी. राहणाऱ्या बायका सहा. एकेकीला आत नेऊन कशा बसता, कशा उठता, कशाला धरता ते करून दाखवायला लावलं आणि सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. मावशीने तर स्टुलावर बसून मलाच दटावलं, "जन्मभर आंघोळ केली, आता तुझ्यापुढे परीक्षा!"

ऑफिसात अशी रेकॉर्डिंग्ज आम्ही एआयला ऐकवतो. सगळ्यांच्या गरजा जमवून ते पहिला आराखडा काढून देतं. माझी आठवडाभराची डोकेफोड त्यामुळे वाचते. मी त्याचे उपकारच मानते.

हाही आराखडा नीट होता. फक्त डाव्या भिंतीला, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, आणखी एक आडवी दांडी होती. मी ती खोडली. सुधारित आराखड्यात ती परत आली.

"ही कशासाठी?" मी लिहून विचारलं.

"खाली बसलेल्या बाईंनी मागितली आहे. वरच्या दांडीला त्यांचा हात पोचत नाही."

सहाजणींपैकी खाली कोणीच बसलं नव्हतं. मी हेडफोन लावून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. बोलण्याच्या मधेमधे ठिबकणारा नळ, बाकी काही नाही.

आमच्या प्रमुखांना सगळे त्यांच्यामागे 'मोजपट्टी' म्हणतात. ते आराखडा बघून हसले. "मनाचं ठोकून देतं ते कधीकधी. काढून टाक."

काढणारच होते. पण वाटलं, एआयने काय ऐकलं ते तेच जाणे. त्या फरशीवर बसून बघणं मात्र त्याला जमायचं नाही. ते मलाच करायला हवं.

भर दुपारी मी न्हाणीघरात गेले आणि डाव्या भिंतीशी चक्क फतकल मारली. सिस्टर दारात उभ्या होत्या. पाय घसरून माणूस पडेल, तशी मी कुशीवर झाले. वरची दांडी खरंच फार लांब होती. फरशी गार होती. फक्त माझ्या शेजारी, एका माणसापुरती, कोमट होती.

"सिस्टर, इथे कोणी पडलं होतं का हो?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या पटकन म्हणाल्या, आणि कोणीतरी हाक मारल्यासारख्या निघून गेल्या.

दांडी बसवायचीच, असं मी ऑफिसात सांगितलं.

"कोणी मागितली म्हणून लिहू?" मोजपट्टी वैतागले.

"मी," मी म्हटलं.

न्हाणीघर सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मावशी तिथे पडली. मी धावत गेले तर ती खाटेवर बसून दूध पीत होती. खुब्याला नुसता मुका मार. मला रडूच फुटलं.

"दांडी होती म्हणून वाचले गं," ती म्हणाली. "मला कुठली दिसायला! तिनेच माझा हात धरून दांडीवर ठेवला."

"कोणी?"

"खाली बसली होती ती. तिला मात्र उठता येत नाही बिचारीला."

मी मनातल्या मनात हात जोडले. कोणाला, ते नेमकं ठरवता आलं नाही.

काल पुन्हा गेले. मावशी आंघोळीला गेली होती. बाकीच्या पाचजणी बाहेर टीव्ही बघत होत्या, सिस्टरही त्यांच्यातच.

मी न्हाणीघराच्या दाराशी थांबले. आतलं पाणी बंद झालं.

"घाई नाही," मावशीचा आवाज आला, मला लहानपणी समजावायची तसा. "धर नीट. भार माझ्या खांद्यावर टाक. हं... ऊठ आता."



मग दोघींची ओली पावलं दाराकडे येऊ लागली.