सोळा ओळी

“शेगडी अजून गरम हाय,” पोत्याखालून हात मागे घेत फय्याज कुजबुजला.

वच्छलानं वळून पाहिलं. शाळेच्या आवारात, कडुनिंबाखाली, ती मोठी बंद गाडी उभी होती आणि आत्ता तिच्याजवळ कोणीच नव्हतं. मागच्या पायरीशी एक पोतं पडलं होतं. पोत्याखाली विजेची शेगडी होती आणि तिची वायर सरळ जनरेटरकडे गेली होती. त्याच जनरेटरवर गाडीतलं यंत्र चालायचं.

“मंग शेषरावकाका खोटं बोलले,” वच्छला म्हणाली.

१९७८ सालचा मे महिना. शाळेला सुट्टी होती. चार दिवसांपूर्वी ही गाडी जऊळक्यात आली तेव्हापासून वच्छला, तिचा दहा वर्षांचा भाऊ इंद्रभान आणि सायकलवाल्याचा फय्याज या तिघांनी तिची पाठ सोडली नव्हती. गाडीत कपाटाएवढा कंपूटर होता. गावानं तो शब्दसुद्धा पहिल्यांदाच ऐकला होता. जमिनीत पाणी कुठं आहे ते शोधायला निजामुद्दीन साहेब तो घेऊन आले होते. तीन दिवस त्यांनी शिवारभर तारा पसरून जमिनीत वीज सोडली, मोजमापं घेतली आणि ती सगळी भोकं पाडलेल्या कागदी फितीवर उतरवली. गावाभोवती तीन खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांतल्या कोणत्या खुंटीखाली पाणी आहे, हे कंपूटर सांगणार होता.

बोअर मात्र एकच मिळणार होती. खोदणारी मशीन उद्या दुपारी शिरपूरला जायची होती. तिचा फोरमन रतनसिंग आज चार वाजेपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर तो पहिल्या खुंटीवर, म्हणजे रस्त्याकडेला, खोदायला घेणार होता. मशीन तिथं नेणं सोपं होतं म्हणून. त्या खुंटीशेजारी गेल्या साली खणलेली विहीर कोरडी ठाक पडली आहे, हे जऊळक्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बौद्धवाड्यात राहणारी वच्छला आणि तिची आई भागिरथा रोज पहाटे स्टेशनापलीकडच्या विहिरीवर जात आणि पोहऱ्यात गाळ जास्त की पाणी जास्त, ते बघत.

आणि आज अकरा वाजता कंपूटर बंद पडला. तो चालवणारे शेषराव बाहेर येऊन म्हणाले की आतला पार्ट जळला, आता हैदराबादलाच न्यावा लागेल. निजामुद्दीन साहेबांचा चेहरा असा झाला, की इंद्रभाननंसुद्धा नजर खाली घातली.

वच्छलाला ते पटलं नव्हतं. तिनं दारातून आत डोकावून पाहिलं होतं. यंत्राच्या तोंडावरचे बारीक लाल दिवे पेटलेले होते. घरातला बल्ब जळला की पेटत नाही, मग जळलेल्या यंत्राचे दिवे कसे पेटतील? म्हणून तिघं गाडीभोवती शोधत फिरले आणि त्यांना शेगडी सापडली.

साहेब सायकलवर टांग टाकून निघालेच होते. वच्छला आडवी आली आणि एका दमात तिनं दिव्यांचं आणि शेगडीचं सांगून टाकलं. साहेब उतरले. पोतं त्यांनी स्वतः उचललं. शेषराव पायरीवर येऊन उभे राहिले, शेगडीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.

चहाची तलफ आली होती, ते म्हणाले. शेगडी लावली तशी जनरेटरची घरघर मंदावली, विजेचा दाब पडला आणि यंत्र चालता चालता भलतंच काही करून थांबलं. पार्टबिर्ट काही जळला नव्हता. यंत्राच्या स्मरणातलं सगळं पुसून गेलं होतं.

“मंग फीत लावून पुन्हा शिकवा न त्याले,” वच्छला म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. “तीच तर पंचाईत आहे, बेटा. फीत वाचायची कशी, हेच तो विसरला. ते आधी हातानं शिकवावं लागतं, खटके वर-खाली करून. सोळा ओळी आहेत आकड्यांच्या. इंग्रजीत त्याला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाची वादी धरून आपणच आपल्याला उचलायचं, तसं.” मग ते शेषरावांकडे वळले. “दाराच्या आत सोळा ओळींचं कार्ड चिकटवलेलं होतं. कुठं आहे?”

कार्ड कडेनं सुटलं होतं. शेषरावांनी ते दुमडून तापलेलं पातेलं उतरवायला घेतलं आणि ते शेगडीच्या तारेवर पडलं. बोटाएवढी राख तेवढी उरली होती.

साहेबांना ओळी कधीकाळी पाठ होत्या. आता पहिलीच आठवत होती. पुस्तक वाशीमच्या कचेरीत, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. तिकडची रेल्वेगाडी आता संध्याकाळीच होती. साडेबारा वाजून गेले होते आणि कंपूटर बंद पडल्याचं ऐकून तिकडे रतनसिंगानं मशीन रस्त्याकडे वळवायला सुरुवात केल्याचा निरोप आला होता. त्याला थोपवायला साहेबांनीच जायला हवं होतं.

“स्टेशनातल्या फोनवरून वाशीम लागते,” वच्छला म्हणाली. तिचे वडील देवमन स्टेशनवर खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारे गडी, होते. तिथं काय काय होतं, हे तिला घरबसल्या माहीत होतं.

साहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, खिशातून कागद काढून स्टेशन मास्तरांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि पुस्तकाचं नाव खाली ठळक अक्षरात काढलं. आकडे आले की शेषराव भरतील, असं सांगून ते सायकलवर बसले.

तिघं रुळाच्या कडेनं पळत सुटले. खडी तापून चटके देत होती. इंद्रभानची चप्पल तुटली. ती त्यानं हातात घेतली आणि तसाच पळत राहिला.

स्टेशन मास्तर मोहनसिंग नियमाचे पक्के होते. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि रेल्वेचा फोन रेल्वेसाठीच असतो, असं म्हणून परत केली. देवमन दारात उभे होते. मुलीसाठी शब्द टाकावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. वरिष्ठासमोर बोलायची त्यांना सवय नव्हती.

वच्छलाच बोलली. “मास्तर, तुमच्या क्वार्टरातलं पाणी बाबा आणते. कुठून आणते, इचारा त्याहिले.”

मोहनसिंगांनी देवमनकडे पाहिलं. देवमन खाली मान घालून म्हणाले, “पलीकडच्या विहिरीवरून, साहेब. आठ दिवस निंगतीन अजून. फार तं दहा.”

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग फोन फिरवला आणि वाशीमच्या मास्तरांना सांगितलं, की स्टेशनाजवळच्या पाणी तपासणी कचेरीतून कोणाला तरी या नावाचं पुस्तक घेऊन बोलवा.

अर्धा तास गेला. फोन मुका. फय्याज भिंतीवरची पाल मोजत बसला. ती एकच होती. पावणेदोनला घंटी खणखणली. पलीकडे कचेरीतल्या टायपिस्ट बेबीताई होत्या, उन्हातून चालत आल्यानं धापा टाकत होत्या.

“मालगाडी येऊन राहिली,” मोहनसिंग म्हणाले. “लाइन मले लागते. दहा मिनिटं. अकरावं नाही.”

वच्छलानं फोन कानाशी घट्ट धरला. आवाज पिठाच्या गिरणीतून यावा तसा येत होता. बेबीताई एकेक आकडा सुटा सांगत होत्या आणि ती लिहीत होती. सहा, शून्य, तीन, दोन. सहा, शून्य, तीन, एक. कागद घामानं ओला होत होता. सोळावी ओळ झाली तेव्हा सात मिनिटं संपली होती. ती आता पहिल्या ओळीपासून परत वाचून दाखवू लागली आणि बेबीताई प्रत्येक ओळीला ‘बरोबर’ म्हणू लागल्या. सातवी ओळ झाली. मोहनसिंगांनी हात पुढे केला आणि फोन काढून घेतला. सिग्नलची तार ताणल्याचा आवाज आला.

नऊ ओळी पडताळायच्या राहिल्या होत्या. वच्छलानं कागदाची घडी घातली आणि पुन्हा पळ काढला.

गाडीशी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. शेषराव तिथंच पायरीवर बसले होते. त्यांनी कागद घेतला, आत गेले, पहिल्या खटक्यावर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. त्यांनी हात मांडीवर पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा तेच.

“पोरी, तूच कर,” ते म्हणाले. “माहे हात कापून राह्यले. आता चूक झाली तं मले तोंड दाखवाले जागा नाही राहणार.”

वच्छला खटक्यांपुढं बसली. खटके कसे वाचायचे ते तिला ठाऊक होतं. परवा संध्याकाळी साहेबांनी खडूनं पायरीवर काढून दाखवलं होतं. बारा खटके, तीन-तीनचे चार गट. प्रत्येक गटात पहिल्याचे चार, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचा एक. वर केला तर धरायचा, खाली असला तर सोडायचा. एका गटाचा एक आकडा. ओळ पुरी झाली की कोपऱ्यातली कळ दाबायची. यंत्र ती ओळ गिळतं आणि पुढच्या ओळीसाठी तयार होतं.

इंद्रभाननं वाचायचं, वच्छलानं खटके लावायचे, शेषरावांनी दिवे बघून तोच आकडा बोलून दाखवायचा, असं ठरलं. फय्याज जनरेटरपाशी उभा राहिला. आता त्याला कोणी हात लावला असता, तर त्यानं चावाच घेतला असता.

सात ओळी गेल्या.

“पाच, तीन, पाच, आठ,” इंद्रभाननं वाचलं.

वच्छलाचा हात शेवटच्या गटावर थांबला. तिन्ही खटके वर केले तरी चार, दोन आणि एक मिळून सातच होत होते. तिनं पुन्हा मोजलं. आठ व्हायलाच तयार नव्हते.

“आठ बसत नाही,” ती म्हणाली. “या यंत्रात आठ हायेच नाही.”

शेषरावांचा चेहरा उतरला. आता फोन नव्हता. मालगाडी दोन्ही स्टेशनांच्या मध्ये होती. फय्याज खिडकीतून म्हणाला, काहीतरी लावून देऊन बघू. वच्छलानं त्याला गप्प केलं. अंदाजानं लावलेला एक खटका चुकला तर पुढचं सगळं वाया, हे तिला कळत होतं. तिनं कागद हातात घेतला आणि वरपासून खाली बोट फिरवलं. तिसरी ओळ होती पाच, तीन, पाच, सात. ती बेबीताईंनी ‘बरोबर’ म्हटलेली होती.

ती हळूच स्वतःशी म्हणाली, “सात. आठ.” पिठाच्या गिरणीतून ‘सात’ आला, तर त्यातला ‘स’ कुठं ऐकू येणार?

“सात हाय,” ती म्हणाली. “मीच चुकीचं ऐकलं.” आणि तिन्ही खटके वर केले.

शेवटची ओळ गेली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. शेषरावांनी फीत लावली आणि सुरू करायची कळ दाबली. दिवे एकदा लुकलुकले. फीत जागची हलली नाही.

शेषरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला हात मोकळे नव्हते. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

“काका, यानं किती ओळी गिळल्या? दिवे सांगतात न?”

शेषरावांनी दिवे वाचले. पंधरा.

तिनं इंद्रभानच्या हातातून कागद ओढला. तेरावी ओळ बरोबर घडीच्या रेघेवर आली होती आणि घामानं फिकट झाली होती. इंद्रभान बारावीवरून सरळ चौदावीवर गेला होता. तो रडवेला झाला. वच्छलानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ओरडायला वेळही नव्हता. तेरावीपासून पुढं पुन्हा भरलं. या खेपेला कागद शेषरावांनी धरला आणि त्यांचा हात थरथरत नव्हता.

कळ दाबली. खट्ट झालं, आणि मग शिवणयंत्र सुरू व्हावं तसा आवाज करत फीत सरकू लागली.

शेषराव एकदम सरळ बसले. आता त्यांचं काम होतं आणि ते त्यांना येत होतं. एक फीत संपली, दुसरी लागली, मग मोजमापांची. दिवे नाचत राहिले. चारला वीस मिनिटं कमी असताना टाइपयंत्र खडखडलं आणि कागदावर आकडे उमटले. शेषरावांनी ते वाचून तिसऱ्या खुंटीखाली जाड रेघ ओढली. बौद्धवाड्यामागच्या नाल्याकाठची खुंटी. एकशे चाळीस फुटांवर पाणी.

तो कागद घेऊन फय्याज बापाच्या दुकानातल्या सर्वांत मोठ्या सायकलवर निघाला. सीटवर बसलं तर त्याचे पाय पेडलला पुरत नसत, म्हणून तो नळीखालून पाय घालून चालवायचा. रस्त्याकडे मशीनचं इंजिन सुरू झालेलं ऐकू येत होतं. निजामुद्दीन साहेब रतनसिंगासमोर हात जोडून उभे होते आणि रतनसिंग घड्याळ दाखवत होता. फय्याज सायकलसकट दोघांच्या मधोमध पडला. कागद मात्र त्यानं हातातच उंच धरला होता.

संध्याकाळी नाल्याकाठी खोदाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पांढरी भुकटी उडायची थांबली, राखाडी चिखल आला, आणि मग पाण्याचा फवारा एवढा उंच उडाला, की रतनसिंगाचा फेटा भिजला. त्यानं साहेबांचा हात दाबून अभिनंदन केलं. साहेब म्हणाले की हे श्रेय त्यांचं नाही, आणि तिन्ही पोरांना पुढं ओढलं. त्याआधी शेषरावांनी सगळ्या गावासमोर शेगडीची हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. साहेबांनी त्या हकीकतीवर एवढंच म्हटलं, की जो माणूस चूक कबूल करून कामाला परत बसतो, त्याला ते बदलणार नाहीत. सरपंच दौलतरावांनी फय्याजच्या सोललेल्या गुडघ्याची जातीनं चौकशी केली. मोहनसिंग मास्तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात येऊन पाणी बघून गेले. देवमन लेकीशेजारी उभे राहिले आणि उभेच राहिले.

आठवड्यानं हातपंप बसला. त्या सकाळी बौद्धवाड्यापासून नाल्यापर्यंत हंड्यांची रांग लागली आणि गाव उठून तिकडं आलं. सरपंचांच्या घरची बाईही घागर घेऊन आली. या बाजूला ती आजवर कधी फिरकली नव्हती. ती थोडी घुटमळली. मग रांग कुठून आहे, असं तिनं विचारलं.

भागिरथानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हंडा थोडा पुढं सरकवला.

“अथी या, बाई,” ती म्हणाली. “माह्या मांगं.”