काचेच्या खोलीतली थोरली

“बाबा, तुम्हाला जास्त कोण आवडतं? मी की थोरली?”

हा प्रश्न मी थोरलीच्या समोर उभं राहून विचारायचा, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आणि मी तो विचारला.

पुढे जे लिहितेय त्यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. हसायचं असेल तर खुशाल हसा. मीसुद्धा हसलेच होते... आधी.

गेल्या रविवारची गोष्ट. आणि रात्र नव्हती हं! भर दुपार, बाहेर लख्ख ऊन.

थोरली ही माझी बहीण नाही. मी एकुलती एक. थोरली म्हणजे बाबांच्या ऑफिसातला जुना सर्व्हर. बाबा तिथे सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहेत, म्हणजे सगळ्यांचे कॉम्प्युटर चालू राहावेत म्हणून स्वतः बंद पडेपर्यंत राबणारा माणूस. कपाटाएवढं ते काळं मशीन त्यांनी माझ्या जन्माआधी बसवलं, म्हणून ते थोरली. आणि मी धाकटी!

बाबांची मतं तर ऐका. प्रिंटर हे यंत्र नाही, तो एक स्वभाव आहे. वाय-फाय म्हणजे हवेवर टाकलेला भरवसा, खरी ती वायर. अपडेट म्हणजे न बोलावलेला पाहुणा, जाताना घरातलं सामान हलवूनच जातो. “आणि जे चालू आहे त्याला हात लावायचा नाही!” हे बोट वर करून.

म्हणून थोरलीला कधीच कुणी बंद केलं नव्हतं.

ती रुसली की बाबा पळाले. माझा केक कापायचा राहिला आणि बाबा पळाले. मी वादविवाद संघाची कॅप्टन झाले, स्टेजवर असं काही भाषण ठोकलं की टाळ्या थांबेनात... आणि बाबांची खुर्ची रिकामी.

“थोरलीला ताप आला असेल,” आई म्हणाली. तिला चेष्टा सुचत होती. माझा नुसता जळफळाट.

मशीनवर जळणारी मुलगी पाहिलीय कधी? मी!

पण त्या रविवारी थोरली कायमची बंद होणार होती. तिचं सगळं काम नव्या मशीनवर गेलं होतं. मी मुद्दाम बरोबर गेले. तिला टाटा करायला.

काचेच्या खोलीत नेहमीसारखी पंख्यांची घरघर. बाबा कीबोर्डवर. मी थोरलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि विचारलं.

बाबा हसले. “हा काय प्रश्न झाला? तूच की, वेडाबाई!”

आणि...

घरघर थांबली.

एकदम. सगळी. दिवे मात्र लुकलुकत होते.

“बाबा, आवाज बंद झाला.”

“कुठला आवाज? चालू आहे की.” त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

त्यांना ऐकू येत होतं. मला नाही.

थोरलीच्या जाळीतून एरवी सतत गरम हवा येते. आता ती थांबून थांबून येत होती. माझ्या गालावर. थोडी यायची... थांबायची... परत यायची.

श्वासासारखी.

“पाणी पिऊन येते,” म्हणत मी बाबांचं कार्ड उचलून बाहेर सटकले. मागे दार लागलं. परत आत जायला कार्ड लावलं, तर लाल दिवा. पुन्हा लाल.

काचेतून बाबा दिसत होते. खुर्ची फिरवून ते थोरलीशी बोलत होते. हसत होते. मी दार बडवलं. त्यांना ऐकूच गेलं नाही.

मग त्यांनी थोरलीवर हात ठेवला आणि हळूहळू फिरवला. मला ताप आला की माझ्या डोक्यावरून फिरवतात, अगदी तसा.

थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि दचकले. “तू बाहेर कधी आलीस?”

“मगाशीच! कधीची दार बडवतेय.”

“चल, काहीतरीच. आत्ता तर आत माझ्याशी बोलत होतीस.”

“काय बोलत होते मी?”

बाबांचे डोळे ओले होते. “म्हणालीस, बाबा, तिला बंद करू नका. तिला तुमच्याशिवाय कोण आहे? किती मोठी झालीस गं तू! नाही करत बंद. राहू दे तिला.”

भीती वाटलीच. पण खरं सांगू? भीतीपेक्षा जास्त राग आला. इतकं गोड मी बाबांशी कधी बोललेच नव्हते.

घरी आईला सांगितलं. “दोघांनाही झोप कमी पडतेय,” ती म्हणाली. संपला विषय.

आज संध्याकाळपर्यंत.

मी स्वयंपाकघरात दूध गरम करत होते. बाहेरून बाबांचा आवाज आला. “हो बाळा... रडू नकोस... निघालोच.”

बाहेर येऊन पाहिलं तर बाबा फोन कानाला लावून बूट घालत होते.

“कुणाचा फोन?” आईने विचारलं.

“धाकटीचा. माझ्या ऑफिसात अडकलीय, दार उघडत नाहीये म्हणते.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनी पाहिलं. बूट तसाच हातात राहिला.

मी त्यांच्या हातून फोन घेऊन कानाला लावला.

घरघर. रविवारी मला ऐकू येईनाशी झालेली ती घरघर... आणि मग माझाच आवाज. हुंदका आवरत...

“बाबा, येताय ना?”

मी फोन कट केला. आवाज मी थरथरू दिला नाही. कॅप्टन आहे मी!

“उद्या मी आणि आई जाणार,” मी म्हणाले. “आई दार धरून उभी राहील, वायर मी उपटणार. बाबा, तुम्ही घरी थांबायचं. आणि माझा फोन आला, मी रडले, ओरडले, तुम्हाला कितीही हाका मारल्या... तरी यायचं नाही.”