चौथी सीट

ऋतिका, उशी घे आणि भिंतीला टेकून बस. लाईट काय इतक्यात येत नाही, आणि दिव्यात तेल आहे भरपूर. मघाशी विचारलंस ना, रिक्षा स्टँडवरचे सगळे मला का हसतात? सांगते. फक्त मध्ये मध्ये "मावशी, काहीतरीच काय" म्हणू नकोस. माझं डोकं फिरतं.

गेल्या थंडीतली गोष्ट. बोरिवली स्टेशनवरून शेअरच्या तीन बायका रिक्षात घेतल्या, गोराईच्या जेट्टीला. ऊन उतरलेलं. शेवटच्या वळणाआधीच वस्ती संपते, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि ओहोटी असली की चिखलाचा वास थेट घशात उतरतो. त्या वळणावर नवा हवालदार उभा होता. भाऊराव नाव त्याचं, पण आम्हा रिक्षावाल्यांना सगळे हवालदार मामाच. त्याने शिट्टी मारली.

"चौथी सीट उतरव."

मागे तीन माणसं, हा कायदा. चौथा ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून पुढे बसतो, ती चौथी सीट. बाप्ये ड्रायव्हर सर्रास घेतात. धरलं की लायसनच्या पाकिटात नोट घडी करून सरकवायची, मामा पाकीट उघडून बघतो, परत देतो, नोट गायब. सगळ्या लाईनीची रीत आहे ती. पण मी बाईमाणूस! माझ्या बाजूला परका पुरुष बसवीन होय मी?

"मामा, पुढे मी एकटीच आहे."

"पावती फाडू का?"

बायकांची बोट सुटत होती. दिली नोट, मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि निघाले.

परत येताना गाडी रिकामी. पुन्हा शिट्टी. आता माझं टाळकंच सटकलं.

"डोळे फुटले का हो तुमचे? मागेसुद्धा कोणी नाही, पुढे कुठून आणू?"

तो माझ्याकडे बघतच नव्हता गं. माझ्या डाव्या बाजूला बघत होता.

"मग हा कोण बसलाय? डॉक्टरकडे ने त्याला आधी. सर्दीने बेजार दिसतो. नाकात कापूस कोंबून बसलाय..."

मी डावीकडे वळून बघितलं, तर सीट रिकामी.

तुझ्या धाकूकाकाला, माझ्या नवऱ्याला, जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. स्टँडवर, ह्याच रिक्षाच्या पुढच्या सीटवर बसल्या बसल्या गेला तो. मी घरी भाकऱ्या थापत होते. पोचले तोवर नाकात कापूस घालून झाला होता. चेहरा डोळे भरून बघूसुद्धा दिला नाही कोणी, बायकांनी ओढून बाजूला नेलं मला. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, सुखाने गेला. मला रागच आला. माझ्यात जरासुद्धा जीव अडकला नाही का रे तुझा? मेला स्वप्नातसुद्धा आला नाही कधी. आणि हा परका माणूस म्हणतो, बाजूला बसलाय.

रिक्षा मला त्यानेच शिकवली. डावीकडे चिकटून बसायचा आणि माझ्या डाव्या हातावर हात ठेवून हँडलवरचा क्लच दाबायचा. माझी एकच खोड. गाडी थांबवली की न्यूट्रल करायचं विसरायची आणि क्लचवरचा हात सोडून द्यायची. गाडी दणका देऊन बंद! "गो बाय, आधी न्यूट्रल कर, मगे हात सोड!" ओरडायचा आणि स्वतःच हसत सुटायचा.

त्या दिवसानंतर मी रोज जेट्टीची भाडी घ्यायला लागले. वळणावर शिट्टी वाजायच्या आधीच थांबायची. पाकीट पुढे करायची आणि विचारायची, "मामा, आज आहे का?"

"आहे की. उतरवत का नाहीस त्याला?"

"कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? तुझ्याकडेच बघत बसलाय."

एवढं ऐकायला मी पैसे देत होते, ऋतिका. लोक देवळात देतात, मी वळणावर द्यायची. स्टँडवर बोंब झाली की वनमाला येडी झाली, स्वतः थांबून मामाला खाऊ घालते. म्हणू देत. मी डावीकडे बघायची, तर तिथे नुसती खाडी. मला का दिसत नव्हता? माझा नवरा होता ना तो?

मग एके दिवशी मामा म्हणाला, "उद्यापासून मी वांद्र्याला. बदली झाली."

आता तो आहे की नाही, हे मला कोण सांगणार?

मी पाकीट तसंच मुठीत धरलं. "आज नोट नाही, मामा. पावती फाडा. फोटो काढा त्याचा."

पावती मागणारा रिक्षावाला त्या माणसाने जन्मात पाहिला नसेल. "अगं, दंड लागेल..."

"लागू दे. पण त्याचा फोटो काढा. मला एकदा बघू द्या हो त्याला."

बोलता बोलता मला रडूच फुटलं. त्याने मोबाईल वर धरला, बटण दाबलं, स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्या बाजूच्या सीटकडे. मग पुन्हा स्क्रीनकडे. खारफुटीतले कावळे एकाएकी गप्प झाले होते.

"बाई... ह्याच्यात तर... कोणीच..."

त्याचे ओठ पांढरे पडले. त्याने खिशात हात घातला, होत्या नव्हत्या त्या नोटा माझ्या मांडीवर टाकल्या आणि वळणापलीकडे चालत सुटला. मामाने पैसे परत दिलेले कधी ऐकलेस? त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

रात्री मोबाईलवर दंड आला, फोटोसकट. बघ. घाबरू नकोस, जवळ घे. माझ्या बाजूला कोणी नाही, खरंय. पण मी कशी बसलेय बघ. अर्ध्या सीटवर, उजवीकडे अंग चोरून. एकट्या बाईला एवढी मोठी सीट, आणि मी अर्धी सोडलीय! तेवढ्यानेच मी रात्रभर रडले गं.

खरी गोष्ट सकाळी दिसली मला. दिवा जरा पुढे सरकव. हा माझा उजवा हात, पाकीट घट्ट धरलेला. हा डावा, डोळ्यांवर पदर दाबलेला. गाडी गिअरमध्येच होती, न्यूट्रल करायचं मी विसरले होते, नेहमीसारखी. दणका बसून बंद पडायला हवी होती. पण इंजिन चालूच होतं, चांगलं आठवतंय मला.

आता क्लच बघ. हँडलवर माझा हात नाही. कुणाचाच नाही. आणि लिव्हर पूर्ण दाबलेला आहे.