शेवटचं चांगलं उत्तर

कुंभेरी पूरनियंत्रण केंद्राच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. उमळगाव बंधारा, पाणी एकतीस फूट चार इंच. सकाळपासून तेच.

संगणक अभियंता वृषाली चौगुले संतापली होती. उमळगावहून तिच्या वडिलांचा फोन नुकताच येऊन गेला होता. "पोरी, पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलंय. तुमचं केंद्र झोपलंय काय?" मग फोन तुटला, तो पुन्हा लागेना. त्या पायरीला पाणी लागायला बेचाळीस फूट लागतात, हे उमळगावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"म्हातारा माणूस, चुकला असेल बघायला," अधीक्षक धनवडे म्हणाले. "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"यंत्र कुठलं साहेब, आपलं आवरण खोटं बोलतंय! पाणी बाहेरची कंपनी मोजते. तिच्या सेवाद्वाराशी, म्हणजे तिचे आकडे मागायच्या संगणकी खिडकीशी, आपला पडदा थेट बोलत नाही. मध्ये मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आहे, तेच आवरण. ते विचारतं, उत्तर आणतं, आपल्याला कळेल असं मांडतं. नीट उत्तर आलं नाही तर त्यानं बोंब मारायची, असं मी लिहिलं होतं."

"मग मारली का नाही?"

"पालकमंत्र्यांच्या भेटीत एक लाल ठिपका दिसला, आठवतंय? पडद्यावर लाल दिसता कामा नये, म्हणालात. नीट उत्तर आलं नाही तर शेवटचं चांगलं उत्तर दाखव, म्हणालात. आणि मी मूर्ख, ऐकलं!"

तापानं फणफणलेल्या माणसाला थर्मामीटरचा कालचा आकडा दाखवून ठणठणीत ठरवावं, तसला हा प्रकार. पण लाज कोणालाच वाटली नव्हती. उलट ते आवरण इतकं सोयीचं निघालं, की इतर खात्यांनीही ते जसंच्या तसं उचललं. वृषालीला त्याचा अभिमानही होता.

तिनं आवरण बाजूला सारून कंपनीच्या सेवाद्वाराला थेट प्रश्न टाकला. उत्तर लगेच आलं: मापक पाण्याखाली, पहाटे पाच चाळीसपासून मोजणी बंद.

"मापक बत्तीस फुटांवर बसवलाय," ती म्हणाली. "तो बंद पडला हीच पुराची खबर होती. सात तास कंपनी तेच सांगत होती, आणि आपण त्यावर हिरवा रंग फासत बसलो."

धनवड्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः धावत जाऊन नदीकाठच्या अकरा गावांच्या भोंग्यांचं बटण दाबलं. दोन सेकंदांत पडद्यावर अक्षरं उमटली: बारापैकी बारा भोंगे वाजले.

"सुटलो बाई," ते खुर्चीत बसले. "आता पळतील लोक."

"बारावा भोंगा कुठला, साहेब?"

"आपलाच की. आवारातला."

वृषालीनं खिडकी उघडली. आवारातल्या खांबावर भोंगा होता. भोंग्यावर एक कावळा निवांत चोच घासत बसला होता.

ती परत संगणकाकडे धावली. भोंग्यांच्या खात्यानंही तिचंच आवरण उचललं होतं. त्यांच्या सेवाद्वाराकडून काहीच उत्तर येत नव्हतं. पडद्यावरचं उत्तर मे महिन्यातल्या सरावाचं होतं.

"गाडीची किल्ली द्या," ती ओरडली. "उमळगाव पस्तीस किलोमीटर आहे!"

धनवडे अजून पडद्याकडेच बघत होते. "पण इथं तर वाजले म्हणतंय," ते म्हणाले.