श्वासापुरती जागा

जुन्या कॉम्प्युटरवर जागा करून देणं हे माझं रोजचंच काम. त्यामुळे त्या बाईंचा फोन आला तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. त्या निवृत्त नर्स, तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. कॉम्प्युटर त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ थंडीत वारला होता. डिस्क सारखी भरते आणि दर चार दिवसांनी काहीतरी पुसावं लागतं, अशी त्यांची तक्रार.

दुपारी तीनला मी गेलो. कॉम्प्युटर भावाच्या खोलीतच होता, पलंगाच्या उशाशी. चादर ताणून घातलेली, पडदे ओढलेले, औषधांचा आणि बंद कपाटाचा वास. भावाला झोपेत श्वास अडकायचा त्रास होता, म्हणून डॉक्टरांनी श्वास रेकॉर्ड करायला सांगितलं होतं, एवढं सांगून बाई चहा ठेवायला गेल्या.

सिस्टिम बारा वर्षांची. अपडेटवर अपडेट चढवलेले, जुनं काहीच काढलेलं नाही. पण खरी जागा एकाच फोल्डरनं खाल्ली होती. आत नुसती रेकॉर्डिंग, दर तासाला एक. ते बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. शेवटची फाईल आजचीच, दुपारी दोनची. म्हणजे रिकाम्या खोलीची.

सहज म्हणून मी ती लावली.

आत कोणीतरी झोपलं होतं. लांब, जड श्वास. जराशी घरघर, मग सोडलेला सुस्कारा... मी वाकून कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं. माइकची वायर लावलेलीच नव्हती. रेकॉर्डिंग करणारा प्रोग्रॅमही शोधून सापडेना.

घाबरलो की मी घाई करतो, ही माझी खोड. अख्खं फोल्डर पुसलं. फाईली रिसायकल बिनमध्ये गेल्या. ती रिकामी करणार, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. मी काहीच लावलेलं नव्हतं. घशात काही अडकल्यावर माणूस ओढतो तसा श्वास... मग बराच वेळ काहीच नाही... मग दुसरा, आणखी वर ओढलेला.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. पाठोपाठ बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"परत ठेवा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी परत ठेवा."

कसंबसं सगळं परत घेतलं. हिरवी पट्टी रेंगाळत पुढे सरकत होती आणि बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, ओठ हलवत मोजत होत्या. पट्टी संपली. श्वास मोकळा झाला, लयीत आला. मग स्पीकर गप्प झाला.

बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"जागा संपत आली तरी त्याला असंच होतं. तीस वर्षं वॉर्डात काढली मी... त्याचाच श्वास आहे हा."

मग पुसू तरी काय, असं मी विचारलं. बाकी सगळं, त्या म्हणाल्या. सहलींचे व्हिडिओ, त्यांची स्वतःची पत्रं... मी एकेक दाखवत गेलो, त्या मान हलवून होकार देत गेल्या. आईच्या फोटोपाशी जरा थांबल्या, मग त्यालाही मान हलवली. मी अपडेटचा साचलेला गाळही उपसून काढला. साठ जीबी मोकळे झाले. आता वर्षभर बघायला नको, असं सांगून मी निघालो. चहाला थांबलो नाही.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. डिस्क पुन्हा भरली होती. मी म्हटलं, शक्यच नाही, एका माणसाच्या श्वासाला इतकी जागा लागत नाही. आपण काय बोलून गेलो ते मला नंतर कळलं.



"आता दोघं आहेत," त्या म्हणाल्या. "दुसरं तान्हं होतं, तुम्ही गेलात त्या संध्याकाळी."

"कोणाचं?"

"माहीत नाही हो. आमच्या घरात कधी मूल झालंच नाही." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "पण भराभर वाढतंय... आज सकाळी त्यानं मला नावानं हाक मारली."