चवळी, गाजर आणि अंगठा

पहिला जुम्मा.

निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी, म्हणून जालन्याच्या एका जिनिंग कारखान्यातला कापूस तोलायचा मोठा काटा रिकामा होता. काटेवाला श्रीपती त्याच्या फळीवर आपल्या आईला तोलत होता. रमाबाई मुदतीच्या तापातून उठली होती. हाडं तेवढी उरली होती.

दारात एक मुलगी येऊन थांबली. खांद्याला बाप… धर्मराज, इथलाच हमाल. त्यालाही तोच ताप येऊन गेलेला.

"आमच्या बाबांना बी तोलता का?"

ती उमा.

धर्मराज एक मण सहा शेर भरला. श्रीपती म्हणाला, आईला गाजराचा रस देतो. पचवावा लागत नाही, थेट रक्तात उतरतो. उमानं हातातला डबा वाजवला. शिजवलेली चवळी होती. अंगावर मांस धरायचं तर दाणा पाहिजे म्हणाली, रंगीत पाणी नाही.

"अन् चोथ्याचं काय करता?"

"शेळीला घालतो."

"मंग आईपेक्षा शेळीच तगडी होऊन राह्यली असंल."

रमाबाई हसली, आजारानंतर पहिल्यांदा. रस की चवळी, अशी पैज तिनंच लावून दिली.

दुसरा जुम्मा.

रमाबाई अर्धा शेर वर. धर्मराज… दांडी वजनांच्या बाजूला दोन शेर खाली कलायला लागली आणि उमाचा चेहरा तिच्याबरोबर उतरायला लागला.

श्रीपतीनं हळूच चप्पल काढली. उजव्या पायाचा अंगठा फळीच्या कडेवर टेकवला. याच लबाडीसाठी त्यानं कितीकांना पकडलं होतं.

"शेरभर वाढले," तो म्हणाला.

तिसरा.

अंगठा जरा जोरात. उमा बराच वेळ खाली फरशीकडं बघत राहिली. लाजली असेल, असं त्याला वाटलं.

चौथा.

धर्मराजला पाठीवर घालून आणावं लागलं. श्रीपतीनं आईसाठी आणलेला रसाचा पेला उमापुढं धरला. ती म्हणाली, चवळी जिंकून राह्यली ना, मंग हा कशाला? आज सांगावं… आत्ताच सांगावं —

त्यानं सांगितलं नाही.

पाचवा. कोणी आलं नाही. धर्मराज बुधवारीच गेला, असं चौकीदाराकडून कळलं.

सहावा.

सातवा.

आठव्या जुम्म्याला ती एकटी आली. हातात तोच डबा.

"मी अंगठा लावत होतो," श्रीपती म्हणाला. "ते घटत होते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रस दिला असता. कदाचित…"

"तिसऱ्या जुम्म्यालाच दिसला मला तुमचा अंगठा. त्या दिवसापासून घरी रसच पाजत होते. डबा नुसता दाखवायला आणायचे."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"बाबा काट्याकडं बघून हसायचे." ती थांबली. "अन् बोलले असते तर तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली असती. जुम्मा बंद पडला असता."

आवारात ओल्या सरकीचा कुबट वास पसरला होता. उमा फळीवर चढली.

"आता मला तोला. चपला घालून."

त्यानं चपला घातल्या, वजनं ठेवली आणि भिंतीपर्यंत मागं सरला.

"एक मणाला बी दोन शेर कमी."

खरं वजन त्यानं तिला बऱ्याच दिवसांनी सांगितलं होतं.

"मंग काय खाऊ मी? रस का चवळी?"

"दोन्ही. आमच्या घरी… कायमचं."

ती हसली नाही. फळीवरच बसली, डबा उघडला आणि शेजारी जागा केली. चवळी गार होती, मीठ घालायचं राहून गेलेलं. श्रीपती तिच्याजवळ बसला तशी फळी जमिनीला टेकली. दोघांनी एका डब्यातून खाल्लं. काट्याकडं कोणीच बघितलं नाही.