डॉसन प्रुइटची पाठ

प्रेमाला कारण लागत नाही, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही उत्तर मिनेसोटात हिवाळा काढलेला नाही. तिथे कारणाशिवाय कोणी कोणाच्या दाराची घंटासुद्धा वाजवत नाही. शेजाऱ्याला भेटावंसं वाटलं, तर आधी त्याच्याकडून शिडी मागून आणावी लागते; मग ती परत करायला जाता येतं. ज्यांना शिडीची गरज पडत नाही, ते अविवाहित राहतात.

पाइन पोर्टेज गावातली मार्नी लुंडग्रेन एकतीस वर्षांची होती आणि तिचं घर बुटकं होतं. गावातल्या एकुलत्या एका दातांच्या दवाखान्यात ती लोकांचे दात साफ करून द्यायची. माणसाचे दात तिला आधी दिसायचे, चेहरा नंतर.

जानेवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी तिची गाडी गोल्फ क्लबसमोर बंद पडली. मैदान कमरेइतक्या बर्फाखाली गाडलेलं होतं, पण क्लबहाउसच्या बारमध्ये दिवा होता. जरा ऊब मिळावी म्हणून ती आत शिरली. एका लांब टेबलाभोवती अकरा माणसं, घरात कोणी अत्यवस्थ असावं तशी बसली होती. बारावी खुर्ची रिकामी होती.

"वॉल्टरची," कोणीतरी खालच्या आवाजात सांगितलं.

"अरेरे... कधी गेले?"

"मंगळवारी. ॲरिझोनाला."

टेबलाच्या टोकाला लाइल ब्रँडव्होल्ड बसले होते, निवृत्त विमा एजंट आणि या मंडळींच्या लीगचे सर्वेसर्वा. चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "गोल्फ खेळतेस?"

"नाही."

"झकास. आमच्यातही कोणाला धड येत नाही. बस, आणि सहा नावं सांग."

प्रकार असा होता. दर आठवड्याला कुठल्यातरी उबदार राज्यात व्यावसायिक गोल्फपटूंची मोठी स्पर्धा असते. हे बाराजण त्यातले सहा-सहा खेळाडू निवडून आपापला कागदी संघ बनवायचे. याद्या मग लीगच्या वेबपानावर चढायच्या. स्पर्धेतला पहिला चेंडू उडाला, की यादी बंद. मग बदल नाही. खेळाडू तिकडे उन्हात खेळायचे आणि त्यांचे गुण इकडे बर्फात मोजले जायचे. गावचं मैदान उघडायच्या आत लीग संपायची, आणि सगळ्या आठवड्यांच्या बेरजेत जो शेवटचा येईल त्याला खुर्ची सोडावी लागायची. दयामाया नाही. त्या खुर्चीसाठी गावात रांग होती; त्या संध्याकाळी मात्र रांगेतलं कोणी हजर नव्हतं.

"बाहेरची निळी गाडी तुझी ना?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "चालू करून देतो. पण आधी नावं सांग, नाहीतर लाइल कोणालाच उठू देणार नाहीत."

हा रूबेन साल्मेला. उन्हाळ्यात तो मैदानाचं गवत राखायचा, आणि गवत दिसेनासं झालं की गावचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. तो हसला. पुढच्या एका दाताचा कोपरा तुटलेला होता. मार्नीमधल्या दातांच्या जाणकार बाईने त्याची नोंद घेतली. उरलेल्या मार्नीनेही घेतली.

"हॉकी?" तिने विचारलं.

"भाऊ. जेवताना. पण हॉकी सांगितलं की बरं दिसतं."

नंतर बाहेर त्याने ट्रकच्या बॅटरीला तारा जोडून तिची गाडी सुरू केली. बर्फ हलकाच पडत होता, त्याच्या पापण्यांवर थांबत होता.

"आता इंजिन बंद करू नकोस," तो म्हणाला.

"कुठपर्यंत?"

"घरी पोचेपर्यंत." त्याने तारा गुंडाळल्या. "किंवा... बुधवारपर्यंत."

मग बुधवार यायला लागले. टेबलावर दोघांच्या याद्या शेजारी-शेजारी, आणि याद्यांपेक्षा कोपर जास्त जवळ. रूबेन गवत बघून खेळाडू निवडायचा.

"तिथलं गवत दाट आहे. चेंडू अडखळतो. माझ्या यादीतल्या पोलला अडखळणारं गवत आवडतं."

"पोलने सांगितलं तुला?"

"गवताने."

मार्नी फोटोतले दात बघून निवडायची. "डॉसन प्रुइट घे. असे दात असलेला माणूस वेळेवर झोपतो."

दोन्ही पद्धती मूलगामी होत्या. फेब्रुवारीपर्यंत दोघं तळाला पोचले.

त्या टेबलावर एकमेकांना खोट्या बातम्या देण्याची पूर्ण मुभा होती. किंबहुना तोच खरा खेळ होता. एका बुधवारी रूबेन तिच्याकडे झुकला. डिझेल आणि ओल्या लोकरीचा वास तिच्याभोवती पसरला. "प्रुइटला सोड," तो कुजबुजला. "उजवं मनगट गेलंय. सूज लिंबाएवढी. केसलर म्हणून डॉक्टर आहे, त्याने पट्टी बांधलीये, तीन आठवडे हलवायचं नाही म्हणाला. आर्ने काकाने सांगितलं." त्याचा हा काका थंडीत दक्षिणेला जाऊन राहायचा आणि स्पर्धांमध्ये फुकट उभा राहून 'शांतता राखा'ची पाटी धरायचा.

मार्नीने प्रुइटला सोडलं. रविवारी प्रुइट ती स्पर्धा जिंकला आणि त्याने चषक उजव्या हाताने डोक्यावर धरला.

टेबल पोटभर हसलं. मार्नीही हसली, ओठ मिटून. पुढचे दोन बुधवार ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. त्याच दिवसांत रोज सकाळी तिच्या दारातला बर्फ खालचं डांबर दिसेपर्यंत काढलेला असायचा. गावचा ट्रक रस्ता साफ करतो. कोणाच्या दारात शिरत नाही.

तिसऱ्या बुधवारी ती आपल्या खुर्चीवर परत आली.

"माझ्या दारातला बर्फ कोणीतरी काढतंय," ती यादीत बघत म्हणाली.

"हो का? गावात गुन्हे वाढलेत."

"सापडला तर काय करावं?"

"कॉफी पाजून सोडून द्यावं. पहिलाच गुन्हा असेल."

आणि मग मार्चअखेरीचा शेवटचा आठवडा आला. स्पर्धा टेक्सासमध्ये होती. वरचे दहाजण सुरक्षित होते. मार्नी अकरावी, रूबेन बारावा, आणि मधलं अंतर एखादा चेंडू घरंगळावा एवढं. दोघांपैकी एकाची खुर्ची जाणार होती. यावर दोघंही अवाक्षर बोलत नव्हती. खुर्ची गेली की बुधवार गेला, आणि बुधवार गेला की भेटायला कारण काय उरतं? दात वर्षातून दोनदाच साफ करायचे असतात.

त्या बुधवारी मार्नीने सहा नावं लिहिली आणि सर्वांत वर लिहिलं: प्रुइट. या वेळी तिने कोणाचंही ऐकून घेतलं नाही. निघताना रूबेनने फक्त तिच्या कोटाची वर गेलेली कॉलर सरळ केली आणि ती तशीच एक क्षण धरून ठेवली...

गुरुवारी सकाळी दवाखान्यात पहिला नंबर लाइल ब्रँडव्होल्ड यांचा होता. ते खुर्चीत आडवे, तोंडाचा आ, ओठाच्या कोपऱ्यात पाणी ओढणारी नळी. यादी बंद व्हायला दहाएक मिनिटं उरली असतील. तेवढ्यात बाहेर बसणारी बेव्ह बिनतारी फोन घेऊन आत आली.

"पोरी, रूबेनचा फोन. जीवनमरणाचा प्रश्न आहे म्हणतो."

मार्नीच्या हातांवर रबरी हातमोजे होते, म्हणून बेव्हनेच फोन तिच्या कानाला लावला.

"प्रुइटला काढ," रूबेन म्हणाला. मागे ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

"काय?"

"यादीतून काढ. त्याची पाठ धरलीये. सराव सोडून गाडीत बसला आणि गेला. आत्ता. आर्ने काकाने पाहिलं."

मार्नीच्या हातातलं हत्यार लाइलच्या दाढेपाशी थांबलं.

"आर्ने काकाने," ती म्हणाली.

"मला कळतंय कसं वाटतंय ते—"

"मागच्या वेळी मनगट होतं."

"मार्नी—"

"बेव्ह, जरा कॉम्प्युटरवर बघ ना. प्रुइट खेळतोय का?"

बेव्हने फोन तिच्या खांद्यात अडकवला आणि बाहेर जाऊन ओरडली, "खेळतोय की! नाव आहे, वेळ आहे, सगळं आहे!"

मार्नीने लाइलकडे बघितलं. पण लीगच्या प्रमुखाने कोणाला सल्ला द्यायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

हिशोब सोपा होता, आणि तोच वाईट होता. रूबेन खोटं बोलत असेल, तर ती आपला सर्वांत चांगला माणूस स्वतःच्या हाताने काढून टाकेल आणि रूबेनची खुर्ची वाचेल. खरं बोलत असेल, तर तो स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होता. दोन्हींपैकी शहाणा माणूस काय करेल, हे सांगायला लाइलची गरज नव्हती.

"पाठीची कुठली बाजू?" तिने विचारलं.

"अं?"

"डावी की उजवी? डॉक्टर कोण होता? किती आठवडे?"



"माहीत नाही," रूबेन म्हणाला. "काका लांब होता. चष्मा पण नव्हता त्याच्याकडे. तो प्रुइट होता असं... असं त्याला वाटतंय. टोपी तीच होती. मार्नी, मला खरंच एवढंच माहितीये."

मनगटाच्या वेळी लिंबाएवढी सूज होती, पट्टी होती, डॉक्टरचं नाव होतं. या वेळी नुसती एक टोपी.

"रूबेन... हे खरं असलं तर तू बाहेर जाशील."

"हो."

"मग का सांगतोयस?"

"मला गोल्फ आवडत नाही," तो घाईघाईने म्हणाला. "कधीच आवडलं नाही. मला गवत आवडतं. मी बुधवारी येतो ते— तू नाव बदल ना! वेळ जातोय!"

फोन बंद झाला.

"आ तसाच ठेवा," लाइलना सांगून मार्नी पळाली.

बाहेर बेव्हच्या कॉम्प्युटरसमोर तिने हातमोजे दातांनी ओढून काढले. प्रुइटच्या नावावर बोट ठेवलं. पडद्यावर तो हसत होता. बत्तीशी अशी, की कोणीही विश्वास ठेवावा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला. बेव्ह म्हणाली, "पोरी, पुरुषमाणसाच्या काकावर भरवसा ठेवू नये गं."

मार्नीने प्रुइटला काढलं, उरलेल्यांत पहिलं दिसलेलं ल्यूक फेंडर हे नाव टाकलं, आणि यादी बंद झाली.

स्पर्धेच्या पानावर प्रुइट अजूनही खेळतच होता.

ती आत आली आणि कामाला लागली. पुढच्या काही मिनिटांत लाइलच्या हिरड्यांनी बरंच सोसलं. दर थोड्या वेळाने ती दाराकडे बघायची. बाहेर बेव्ह गप्प होती. बेव्ह सहसा गप्प नसते... मग खुर्ची धाडकन सरकल्याचा आवाज आला.

"माघार! अगं, माघार! प्रुइटची पाठ!"

मार्नीच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे तिला सांगता आलं नसतं. लाइल चूळ भरून थुंकले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे साल्मेला बाहेर."

शुक्रवारी संध्याकाळी, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, पहिल्या दोन दिवसांत मागे पडलेले निम्मे खेळाडू घरी पाठवले गेले. त्यात ल्यूक फेंडर होता. त्यात रूबेनच्या सहांपैकी पाचजणही होते. टेक्सासच्या गवताने त्याला अखेरपर्यंत नीट काही सांगितलंच नव्हतं. रविवारी क्लबहाउसमध्ये लाइलनी बेरीज वाचून दाखवली. मार्नी अकरावी, रूबेन बारावा, आणि अंतर इतकं की प्रुइटला यादीत तसाच ठेवला असता तरीही मार्नी आरामात वाचली असती. त्या फोनने लीगच्या कोष्टकात काडीचाही फरक पडलेला नव्हता.

रूबेन उठला, सगळ्यांशी हात मिळवून बाहेर गेला. मार्नी कोट अर्धवट चढवत त्याच्यामागे गेली. छपरावरचा बर्फ वितळून टपटपत होता, आणि तो ट्रकशी उभा राहून उगाच आरसा पुसत होता.

"मूर्खा," ती म्हणाली. "फोन केला नसतास तरी तूच गेला असतास."

"ऐकलं मी."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं थोडं. आयुष्यात एकदा त्याग केला, तोही कोणाच्या उपयोगी नाही."

"फोनवर तुझं एक वाक्य अर्धं राहिलं."

"कुठलं? पाठीचं?"

"बुधवारी तू कशासाठी येतोस, ते."

"तुला माहितीये."

"माहितीये. पण माझे बूट ओले झालेत आणि मी इथे उभी आहे. तेव्हा सांग."

"तुझ्यासाठी," तो आरशाला म्हणाला.

"आरशाला नको."

तो वळला. कान लाल झाले होते. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तुझी गाडी तेव्हा नुसती पेट्रोल तुंबून बंद पडली होती, मार्नी. बाहेर आल्यावर नुसती किल्ली फिरवली असतीस तरी आपली आपण सुरू झाली असती. मी—"

पुढचं तिने ऐकून घेतलं नाही. त्याच्या जॅकेटची कॉलर दोन्ही मुठींत धरून तिने त्याला खाली ओढलं. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. छपरावरून बर्फाचा एक ढीग धप्पकन शेजारी पडला, तोही कोणाला कळला नाही.

मग, ताटातूट पक्की झालेल्या माणसांसारखे, एकमेकांचे हात घट्ट धरून त्यांनी पुढचं ठरवलं. लीगचा नवा हंगाम लागला की बुधवारी ती आत टेबलाशी बसेल. तो ट्रक बाहेर झाडाखाली लावेल, इंजिन चालू ठेवेल. कंटाळा आला की ती खिडकीशी येईल, तो दिवे एकदा लुकलुकवेल. थंडी फार असली तर ती त्याला दाराच्या फटीतून कॉफी देईल. हे सोपं नव्हतं, पण दोघांचीही तयारी होती.

क्लबहाउसचा बार आठवड्याचे सातही दिवस सर्वांना खुला असतो.